तीन हजार चारशे ऐंशी

फाईल आली ती मार्चात,
ट्रेझरीचा शेवटचा आठवडा,
पंखा फिरत होता पण हवा भट्टीचीच.
मूळ रक्कम अकरा लाख.
त्यावर नऊ टक्क्यांनी सात वर्षांचं व्याज.
बेरीज मी दोनदा केली,
एकदा कॅल्क्युलेटरवर, एकदा बोटांवर.
दोन्ही वेळा तीच:
सतरा लाख त्र्याण्णव हजार.

गेल्या साली असे हुकूम जिल्ह्यात दोन होते.
यंदा सात.
डॉक्टर उईकेंनी मोबाईलवर विम्याचा हप्ता दाखवला,
त्यांच्या कंत्राटी पगाराला हसू यावं असा.
अवघडलेलं बाळंतपण आलं की ते आता
नाडी पाहायच्या आधी चिठ्ठी लिहितात,
‘पुढील उपचारासाठी चंद्रपूर.’
चंद्रपूर इथून ब्याण्णव किलोमीटर,
मध्ये जंगल, मध्ये रेल्वेचं फाटक,
रेंज कुठेच नाही.
चिठ्ठीवर कुणी दावा लावत नाही.

मी कनिष्ठ लिपिक.
रक्त पाहिलं की मला घेरी येते.
माझं काम कागदाला भोक पाडायचं, दोरा ओवायचा.
ओवता ओवता वाचलं:
पान चौदा, सिस्टर दडमलचा जबाब.
लाईट दोन वाजून दहा मिनिटांनी गेली.
सक्शन बंद पडलं. मी तोंडाने नळी ओढली.
बावीस मिनिटं.
जनरेटर होता, डिझेल नव्हतं.
वकिलाने विचारलं, मागणी केली होती का?
केली होती.

तो मागणीचा कागद निशाणी सहा म्हणून जोडलाय.
साठ लिटर, दर अठ्ठावन्न,
तीन हजार चारशे ऐंशी फक्त.
समासात निळ्या शाईचं, डावीकडे कललेलं अक्षर:
‘तरतूद उपलब्ध नाही. परत.’
ते परकं वाटावं म्हणून
मी चष्मा काढून पाहिलं.

कोर्टाने माझं नाव कुठेच घेतलेलं नाही.
शासन, तर्फे जिल्हा शल्यचिकित्सक,
असं लिहिलंय.
शासनात मी कुठे बसतो ते मला ठाऊक आहे:
खिडकीजवळ, दुसरं टेबल.

गुरुवारी दुपार कलल्यावर पुष्पकला गुरनुले आल्या,
पासबुकाची झेरॉक्स घेऊन.
पोट्टी कडेवर.
आठ वर्षांची पोट्टी, कडेवर,
मान ओढणीने खांद्याशी बांधलेली,
लाळ पुसायच्या फडक्याला मोहाचा वास.
मी म्हटलं, पैसे खात्यात जमा होतील, इथं सही करा.
त्यांनी सही केली, बोट पदराला पुसलं, विचारलं,
‘साहेब, लाईट गेली तं आता थो जनरेटर चालते का जी?
माह्या भाचसुनेले आठवा लागला.’

मी म्हटलं, विचारून सांगतो.
कुणाला विचारणार होतो?

जनरेटरच्या दुरुस्तीचं कोटेशन
माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, डिसेंबरपासून.
बेचाळीस हजार, जीएसटी वेगळा.
ज्या हेडमधून ते निघायचं
त्याच हेडमधून सतरा लाख त्र्याण्णव निघाले,
वरून तसा आदेश आहे.
हेडमध्ये उरले सहाशे बारा रुपये.

साडेसहाला लाईट गेली. रोज जाते.
वॉर्डात कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला,
भिंतीवर सलाईनच्या स्टँडची सावली
इकडून तिकडे गेली.
कोटेशन माझ्या पुढ्यात होतं.
हात सवयीने समासाकडे गेला
आणि ‘त’ लिहून मोकळा झाला.
पुढचं अंधारात दिसलं नाही म्हणून लिहिलं नाही,
असं म्हणता येईल.
‘त’ अजून तसाच आहे.

बाहेर ओट्यावर पुष्पकलाबाई बसची वाट पाहत होत्या.
पोट्टी कुरकुरत होती.
अंधारात त्यांचा आवाज तेवढा येत होता,
‘आत्ता येते, मायं. आत्ता येते लाईट.’